लेकीला म्या मैदानात धरलं

सोडा गं तिला, मेल्यांनो, सोडा, मान मोडंल तिची, मान! असं कोण वरडून राहिलं म्हणून म्या मागं वळून बघितलं तर मागं कोणीच न्हाई, वरडणारी मीच. लातूरचं मैदान, पोरींच्या कबड्डीचा सामना, माणसं अशी दाटलेली की मुंगीनं पाय कुठं ठेवावा, अन् मधी माझी आशू, सात जणींच्या खाली. तिचा एक पाय दिसून राहिला व्हता फकस्त, निळ्या मोज्याचा, बाकीची लेक कुठं गेली काय की. अन् पंच? पंच शिट्टी तोंडात धरून वाकून बघून राहिला, जसं काय भाजीत मीठ पडलं का न्हाई ते बघावं. मंग मी उठले. पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही म्हणाल ही बाई भांडखोर हाय. तशी हाय मी, पण पहिल्यापासून ऐका.

माझं नाव सुमन. माहेर निलंग्याच्या पलीकडं, जिथं कोंबडा मराठीत आरवतो अन् कोंबडी कानडीत उत्तर देती, असं गाव. सासर औसा. आमचे मालक मोंढ्यात हमाल, सोयाबीनची पोती उचलतेत, अन् मी बसस्टँडच्या मागच्या खानावळीत भाकरी करते. मी भाकर काठवटीत थापायला लागले की लातूरहून येणारा डायव्हर म्हणतो, आलं बगा औसं, आवाज आला. खोटं वाटत असंल तर त्याला इचारा. लेक एकच, अश्विनी, आम्ही आशू म्हणतो, अकरावीत हाय.

आता तुम्ही वही उघडून इचारलं की लेकराला असले अंगाला अंग भिडवायचे खेळ खेळू द्यावेत का न्हाई. काय सांगू तुम्हाला, ह्या बाबतीत माझं डोकं म्हणजे जत्रेतला पाळणा झालंय, वर गेलं की हाव म्हणतंय, खाली आलं की न्हाई म्हणतंय. कारण आमच्या घरातच हे सगळं उलटंपालटं हाय.

माझा बाप पहिलवान. आम्ही आबा म्हणायचो. आबाचे दोन्ही कान कुस्तीत असे चुरगळलेले की त्याची भजी झाल्ती, पावसात त्यात पाणी साचायचं अन् चिमण्या येऊन पिऊन जायच्या. सीमेच्या पलीकडच्या जत्रांत जायचे कुस्तीला, तिकडची माणसं कानडीत शिव्या द्यायची, आबाला कानडी समजायचं पण ऐकूच यायचं न्हाई, मंग आबा हसून हात जोडायचे, अन् त्या माणसांना वाटायचं काय देवमाणूस हाय. असा माझा बाप.

तर आमच्या गावच्या जत्रंत पहिल्या कुस्त्या लेकरांच्या, नारळावरच्या. जिंकंल त्याला नारळ. माझा थोरला भाऊ दादा, तव्हा चड्डी एका हातानं धरून पळायच्या वयाचा, आबानं त्याला लंगोट बांधून मातीत सोडला. समोरचं पोरगं म्हणजे रेडकूच. दादा पडला तो सोताच्या हातावर. कट्कन आवाज झाला, म्या माळावर माईच्या मांडीवर बसून ऐकला, अन् आबाला तर मुळीच ऐकू आला न्हाई, आबा वरडून राहिले, ऊठ, ऊठ, काय झोपला का रे! अन् दादा उठला की. तुटलेल्या हातानिशी उठला, त्या रेडकाच्या पोटात डोकं घातलं अन् पाडलं त्याला. नारळ एका हातानं घरी घेऊन आला. गावातल्या हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या, लेप लावला, अन् सहा महिन्यानं सोडलं तर हात कोपरातून वाकडा, कायमचा, जसं काय कुणी कडेवर लेकरू घ्यायला लावलंय अन् ते लेकरू कव्हाच उतरून गेलंय.

त्या दिसापासून आबानं लाल मातीचं नाव टाकलं. आखाड्याकडून जायचं असलं तरी लांबून वाट काढायचे. मरायच्या आधी माझा हात धरून म्हणले, सुमे, तुझ्या लेकराला असल्या खेळाच्या वाटंला जाऊ देऊ नको. म्या म्हणलं न्हाई देत. आता बगा, ज्यानं अर्धा जलम कुस्ती खेळली तो म्हणतो नको.

अन् ज्याचा हात मोडला तो काय म्हणतो? दादाचं निलंग्यात पंक्चरचं दुकान हाय, वाकड्या हातात टायर बरोबर अडकतंय. आशूनं शाळेत कबड्डी धरली तव्हा मी तिला घेऊन मुद्दाम त्याच्याकडं गेले. म्हणलं दादा, तू तरी सांग ह्या पोरीला, तुझा हात दाखव. त्यानं हात दाखवला खरा. पण म्हणला काय, आशे, हात गेला तो गेला, पर त्या नारळाचं पाणी अजून तोंडात हाय बघ, खेळ तू. म्या कपाळ बडवून घेतलं. म्हणलं ज्याला हात दाखव म्हणलं तोच नारळ दाखवून राहिला.

मालकांना इचारावं तर त्यांचं दोन टायमाला दोन मतं. सकाळी म्हणले, मी रोज पोत्याशी कुस्ती खेळतो, मला कव्हा कोणी इचारलं का खेळू द्यावं का न्हाई? खेळू दे तिला. संध्याकाळी आशू लंगडत आली, गुडघा पपईएवढा सुजलेला, तर तेच मालक म्हणतेत, बंद कर म्हणतो ना तुला, माझं ऐकतच न्हाईस! म्या म्हणलं, तुमचं कोणतं ऐकू, सकाळचं का संध्याकाळचं?

मंग एक दिस आशूचा पुढचा दात अर्धा तुटला. घरी आली तर तोंडाला रुमाल, अन् मुठीत तो तुकडा. दुधाचा दात पडला की आपण पत्र्यावर टाकतो ना, नवा येऊ दे म्हणून, तसा म्या तो तुकडा पत्र्यावर टाकला. आशू म्हणली, आई, हा यायचा न्हाई आता. म्या म्हणलं मला काय कळत न्हाई का? तरी टाकला. उगं राहवलं न्हाई. शेजारीण तर दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून म्हणली, ताई, पोरीच्या जातीला तोंड सांभाळावं लागतंय, उद्या बघायला येणारे हसून दाखव म्हणले तर? म्या म्हणलं, तुला तर बत्तीस दात हायेत, तुला कोण हसून दाखव म्हणून राहिलंय? असं म्हणून दार लावलं, अन् आत येऊन चुलीपुढं रडले. कारण ती बोलली ते माझ्या मनातलंच व्हतं.

दवाखान्यात गेलो. डॉक्टर लई भला माणूस. म्हणले, ताई, घाबरू नका, खेळात लागतंच, माणूस पायरीवरून उतरतानासुद्धा पडतो, खेळणारी लेकरं दणकट व्हतेत, खेळू द्या. माझा जीव भांड्यात पडला. उठता उठता सहज इचारलं, साहेब, तुमची लेक काय खेळती? म्हणले, बुद्धिबळ. घ्या! भांड्यातला जीव पुन्हा बाहेर.

एवढं सगळं झालं तरी म्या तिचा एकबी सामना बघितला न्हवता. सामना असला की मी त्या दिशी जास्तीच्या भाकरी थापायचे. पण लातूरच्या सामन्याला नांदेडच्या एक मॅडम येणार व्हत्या. त्या पोरी निवडून नांदेडला नेतेत, तिथंच कॉलेज, तिथंच होस्टेल, तिथंच खेळ. शाळेतले सर म्हणले, आईनं नायतर बापानं यावंच लागंल, मॅडमला बोलावं लागंल, पोरीचं सगळं ह्याच्यावर हाय. मालकांचा मोंढ्यात हंगाम, मंग गेले मी. टोपलंभर भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले, सगळ्या पोरींसाठी.

आशूनं एसटीतच मला शपथ घातली. म्हणली, आई, काही झालं तरी तू त्या लायनीच्या आत पाय ठेवायचा न्हाई. म्या भाकरीवर हात ठेवून सांगितलं, न्हाई ठेवत.

अन् खरं सांगते, म्या पाय ठेवला न्हाई. मी उडत गेले. बघणारे सांगतेत, माझे पाय जमिनीला लागलेच न्हाईत.

तर आशू चढाईला गेली व्हती. कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडं जायचं, हात लावायचा अन् एका दमात परत यायचं, एवढं मला ठाऊक व्हतं. पण सात जणी तिच्यावर अशा पडल्या जशी पावसात भिंत. मी गेले ती भाकरी उलटाव्या तशा एकेक पोरगी उलटवली, अन् खालून माझी लेक उपसून काढली. काढली अन् छातीशी धरली, घट्ट. माझी पकड म्हणजे तुम्हाला सांगते, वीस वर्षं पीठ मळून राहिले मी. म्हणलं, आता कोणी येऊन दाखवा.

तर ती माझ्या कानाशी काय म्हणून राहिली? कबड्डी, कबड्डी, कबड्डी. अगं बाई! ती थांबलीच न्हवती. मला ओढून राहिली लायनीकडं, मी जसं काय आठवी पोरगी. तिचा हात पुढं, बोटं अशी ताणलेली, लायन वीतभर लांब, अन् मी मागं खेचतेय, तिला वाचवायला. शेवटी तिचा आवाज बारीक बारीक झाला अन् संपला. मंग पंचानं शिट्टी वाजवली.

पुढं जे झालं ते सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई. समोरच्या पोरी म्हणल्या, औट, औट, दम गेला, धरली ना! आमचे सर म्हणले, कोणी धरली? तिच्या आईनं धरली, आई काय तुमच्या टीममधी हाय का? पंचानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, दुसऱ्या पंचाला बोलावलं. तो म्हणला, आई बाहेरून आली. पहिला म्हणला, बाहेरून आली हे मलाबी दिसलं, पर आईनं धरलं तर पॉइंट कोणाचा, हे कुठं सांगितलंय? मागून एक म्हातारा वरडला, त्या बाईलाच खेळवा, बाकीच्या सहा जणी घरी धाडा! सगळं मैदान हसलं. आशू न्हाई हसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा न्हाई.

शेवटी ठरलं की ही चढाई धरायचीच न्हाई, पोरीनं पुन्हा जायचं. अन् मला बाहेर नेऊन बसवलं, समोरच्या टीममधल्या एका पोरीची आई व्हती तिच्याशेजारी, तिला सांगितलं, ताई, ह्यांचा हात धरून बसा. तिनं खरंच धरला. किनवटकडची बाई, हळू बोलणारी. मला इचारलं, तुमची का ती चढाईवाली? म्या म्हणलं, हाव, बघा कशी दाबली तिला तुमच्या पोरींनी, हाय का माया? ती म्हणली, सगळ्यात खाली माझी व्हती, तुमच्या लेकीचा पाय धरून. तुमच्या लेकीची टाच लागली तिच्या नाकाला. म्या बघितलं तर खरंच, एक पोरगी नाकाला ओला रुमाल लावून उभी व्हती, रुमाल लाल.

 एवढ्या दिसांत एकदाबी माझ्या मनात आलं न्हवतं की माझ्या लेकीमुळंबी कोणाला लागत असंल. म्या तिला इचारलं, मंग तुम्ही कामून गेल्या न्हाईत आत? ती म्हणली, माझे पाय बघा. तिचे पाय लटलट कापून राहिले व्हते. तशीच बसून राहिली व्हती ती, माझा हात धरून, अन् मला वाटत व्हतं ती मला धरून राहिली.

आशू पुन्हा गेली. म्या डोळे मिटले. कबड्डी कबड्डी ऐकू येत व्हतं तोवर बरं वाटत व्हतं, म्हणलं जित्ती हाय. मंग गलका झाला. दोघींना हात लावून आली व्हती, त्यातली एक नाकवाली. सामना आमच्या पोरींनी काढला. त्या बाईनं माझा हात सोडला, तिच्या लेकीकडं गेली, अन् जाताना मला म्हणली, नीट जावा घरी. म्या टोपल्यातल्या भाकरी तिच्या पोरींनाबी वाटल्या. दुसरं काय करणार?

नांदेडच्या मॅडम म्हणल्या, पोरगी पाठवा, हिच्यात काहीतरी हाय. अन् माझ्या दंडाकडं बघून म्हणल्या, पकड आईची घेतलीय तिनं. आता त्या हसण्यावारी म्हणल्या का खरं, मला काय ठाऊक, पण औशात म्या सगळ्यांना सांगितलंय की मॅडम मलाच नांदेडला बोलवून राहिल्या व्हत्या, मीच न्हाई म्हणले.

तर आता सोमवारी तिला सोडायला जायचंय. बॅग भरून झाली, चटणीचा डबा वर ठेवलाय. मालक हो म्हणले, मीबी हो म्हणले, अन् हो म्हणल्यापासून भाकर थापता थापता मनात न्हाई न्हाई म्हणून राहिले. तुम्ही लिहून राहिल्यात ना, तर लिहा, आईबापानं लेकरांना खेळू द्यावं. न्हाई, थांबा, ते खोडा. लिहा की नाक, दात, हात मोडायचे असले खेळ नकोत. तेबी खोडा. आबाचं लिहा अन् त्याच्याखाली दादाचं लिहा, वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजू द्या, मला तर अजून समजलं न्हाई. माझ्या लेकीला अन् त्या किनवटच्या बाईच्या लेकीला देव धडधाकट ठेवो, एवढं मात्र खोडू नका.

त्या दिशी लातूरहून येताना एसटीत ती खिडकीला बसली व्हती. औशाचा किल्ला दिसायला लागला. म्या म्हणलं, आशू, तुला एवढं घट्ट धरलं व्हतं, मी हाय हे तुला कळलंच न्हाई का? म्हणली, कळलं की. म्या म्हणलं, मंग आई म्हणून एक हाक मारली असती तर म्या सोडलं नसतं का तुला?

ती खिडकीबाहेर बघतच म्हणली, हाक मारली असती तर दम तुटला असता.