उपस्थितांमधली दोन नावं

बातमीच्या शेवटी ‘यावेळी अमुक-तमुक उपस्थित होते’ असं छापतात ना, त्याचीच गंमत सांगतो. आमच्या मानवतच्या एका पुढाऱ्यानं परवा तिसरा पक्ष धरला. बातमीत उपस्थितांमध्ये माझं नाव! मी तर दिवसभर घरात एकटाच बसलेलो. पत्रकार माझाच जुना विद्यार्थी. भडकून त्याला फोन लावला.

“अरे, मी आलोच न्हाई, तर माझं नाव कसं छापलंस?”

“गुरुजी, यादी जुनीच हाय. साहेब पक्ष बदलतात, आमी वरची ओळ बदलतो. खालची माणसं तीच ठेवतो.”

“अन् माझ्या नावाशेजारी माझ्या बायकोचं, सुमनबाईचं?”

“बाई पण हायेत की! साहेबांच्या पहिल्या पक्षप्रवेशाला तुमी दोघं सोबत आलते.”

“तिला जाऊन दोन वर्षं झाली रे.”

तो हळूच म्हणाला, “माफ करा गुरुजी. यादीतून दोन्ही नावं काढून टाकतो.”

“काढू नको,” मी म्हणलो. “तेवढंच आमी दोघं सोबत दिसतो. फक्त एवढं सांग, साहेब पुढचा पक्ष कवा धरायलेत?”