हिरवा पडलेला फिरोजा

माहा जन्म उमरखेडचा, सोनाराच्या घरातला, बापाजवळ बसून फुंकणी धरायले शिकलो तवा मले चड्डी सांभाळता येत नव्हती. आता सत्तरी उलटली. दुकान हाये, म्हणजे शटर हाये अन् मी हावो. गिऱ्हाईक मोठ्या दुकानात जाते, माह्याकडं येते ते कानातल्याची फिरकी हरपली म्हून, जोडवं चेपलं म्हून. काय सांगू तुम्हाले, दिवस दिवस बोलायले माणूस भेटत नाही, तुम्ही आले तं बरं वाटलं. चहा सांगतो, नाही म्हणू नोका.

फिरोजाचं इचारलं ना तुम्ही. आमच्या इकडं त्याले मागणी नाही, बाया सोनं मागतात, तांड्यावरच्या बाया चांदी मागत, फिरोजा मागे तो एखादा मुसलमान भाऊ, अंगठीत बसवायले. पण मले तो खडा लई आवडे. दुसरे खडे उजेड पडला का चमकतात, हा चमकत नाही, नुसता आपला रंग घिऊन बसते, जवसाच्या फुलाचा निळा रंग. सोन्यात तो दबते, चांदीत मोकळा होते. हे मले कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून समजलं. हैदराबादेहून एक खडेवाला येत जाये, त्याच्या पुडीतून एक खडा निवडला, काळी रेघ नसलेला, अन् लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोले अंगठी केली. कमल तिचं नाव. खड्याभोवताल चांदीचे बारीक रवे, एकेक रवा चिमट्यानं बसवला, आठ दिवस लागले, बाप म्हणे गिऱ्हाइकाचं काम पडून हाये अन् हा बायकोची अंगठी करून राह्यला.

तिनं ते बोटात घातली ते काढलीच नाही. कणीक मळे अंगठीसकट, भांडे घासे अंगठीसकट. अन् फिरोजा दिसायले दगड, पण तेल-पाणी आत ओढून घेते. तेल, हळद, साबण, हाताचा घाम, सारं पेला तो. दहा वर्षांत हिरवट झाला, पुढं पार हिरवा. मी म्हणो, काढून ठेवत जाय वं, सोनाराची बायको तू, लोक म्हणतीन नवऱ्यानं खोटा खडा बसवून देला. ते हसे. म्हणे, अवो, तुमच्या दुकानात होता तवा तुमचा रंग होता, आता माहा हाये. मी म्हणो, जाऊ दे, इच्या नादी कोण लागते.

तीन वर्षं झाले, कमल गेली. तिच्या बहिणीनं बोटातली अंगठी काढून माह्या हातात देली. मी डबीत ठेवली. मग दिवाळीले पोरगं अन् सून पुण्याहून यायचे होते, म्हटलं सासूची अंगठी सुनेले द्यावी. अन् माह्या हाताले खोड अशी, का जुनी चीज हातात आली का पहिले साफ करायची, पन्नास वर्षं तेच केलं ना. खडा काढला, बारीक दगडावर पाणी टाकून घासला. हिरवेपण वरवरचंच होतं, खालून निळा निघाला, पुडीतून घेतलता तसा. मले खुशी झाली हो. हात चालते अजून, म्हटलं. दगडावर हिरवट पाणी जमलं होतं, ते रोजच्यासारखं मोरीत वतलं, अन् वतल्यावर समजलं. चाळीस वर्षांचं तिचं होतं ते. मोरीजवळच बसलो, लई रडलो, खोटं कायले सांगू. घरात कोणी नव्हतं म्हून मोठ्यानं रडलो.

सून म्हणाली, बाबा, किती सुंदर, अगदी नवी वाटते. मी हो म्हटलं.

आता रविवारी सुनेचा फोन येते. मी इचारतो, अंगठी घालतं का. ते म्हणते, रंग खराब होईल ना बाबा, कपाटात जपून ठेवली आहे. चांगली पोरगी हाये, जपते म्हूनच ठेवते, तिले काय बोलू. गेल्या रविवारी मात्र धीर केला अन् म्हटलं, घालत जाय बाई, कणीक मळ, भांडे घास, काढू नोको, होऊ दे खराब. ते हसली, हो बाबा म्हणाली, नातवाच्या क्लासची वेळ झालती म्हून फोन ठेवला. घालते का नाही, कोणाले माहीत. खड्याले हिरवा व्हायले दहा वर्षं लागते, तवरोक मी कुठं राह्यतो. पण होवो, पोरीच्या हातानं होवो.