तिजानीचं तापलेलं इंजिन

स्फाक्स शहराला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी बेया धक्क्यावर रांगेत उभी होती. तिच्या पुढच्या बाईचा फोन मोठ्या आवाजात चालू होता. पलीकडे तिचा नवरा बोलत होता, भर समुद्रातून.

“नजिया, इंजिनातून वाफ येतेय. हात लावला की चटका बसतोय.”

“मग बंद कर ना, तिजानी!”

“बंद केलं तर वारा होडी खडकांवर नेईल. तुझी आई बसलीय होडीत!”

“आधी नांगर टाक. तो धरला की बंद कर.”

“धरला. केलं बंद.”

“आता इंजिन वर उचल. पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ अडकलंय का बघ.”

“शेवाळ कसलं, प्लास्टिकची पिशवी आहे!”

“काढ ती. आणि लगेच चालू करू नकोस, निवू दे जरा.”

“तुझी आई म्हणतेय, असला कसला जावई मिळाला मला.”

“तिला म्हणावं, पसंत तूच केलास.”

फेरीबोट धक्क्याला लागली. रांगेतलं कुणी हललं नाही.

“चालू केलं, नजिया. पण मागच्या भोकातून पाण्याची धार येत नाही.”

“मिठाने बुजलं असेल. बाबा त्यात तार घालायचे. एखादा गळ सरळ कर आणि खुपस.”

“थांब... आली! आली गं! चांगली जोरात येतेय!”

“गरम आहे?”

“कोमट.”

“मग हळूहळू घरी या. आईला फोन दे.”

“ती रडतेय.”

“दे तरी.”

नजियाने फोन कानाला लावला. बेयाने नजियाच्या पायाजवळची टोपली उचलली.

“तू बोल, बाई. ही मी बोटीवर आणते.”