रघूभाऊंचा चिमटा

हात लावू नका, सांगितलं ना एकदा. सायकल तयार हाय, पुसून ठेवलीय, ब्रेक बसलाय, सगळं खरं — पण हात लावू नका. हे नायत दुकानात. धसईला गेलेत, आतेभावाची हळद हाय. फोन लागायचा नाय तिकडं, उगा लावत बसू नका. पैशांचं काय विचारताय मगापासून, मी मागितले का तुमच्याकडं? बसा त्या बाकड्यावर. नसंल बसायचं तर उभे राहा, मला काय त्याचं.

राग कशाचा आलाय विचारता? तुमच्या घाईचा. त्या दिवशी आलात तेपण घाईतच. डब्यातला नवाकोरा ब्रेक आणलात नि त्याचा नट विसरलात — आता पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या भोकातनं ब्रेकचा बोल्ट येतो नि मागनं लांब नट आत जाऊन त्याला धरतो, एवढंच असतं ना ते? तुमचा नट जुन्या सायकलीचा, आखूड. पोचतच नव्हता बोल्टापर्यंत, एक-दोन आटे धरत होता फक्त. यांनी सांगितलं तुमाला — साहेब, कल्याणवरनं लांब नट आणा, मंग बसवतो. तर तुमी काय म्हणालात? "रघूभाऊ, तुम्हाला काय अशक्य आहे!" म्हणालात का नाय? चढवलंत हरभऱ्याच्या झाडावर नि गेलात निघून.

आवडतं यांना ते. का नाय आवडणार? सासरे होते तवा ह्या दुकानात पंक्चर काढायचे नि हवा मारायचे, बस. आता रविवार उजाडला की तुमी मंडळी येता ते टाइट कपडे घालून, लाखालाखाच्या सायकली घेऊन, नि रघूभाऊ, रघूभाऊ करता. सगळ्या मुरबाडात ह्या सायकलींना हात घालणारे हे एकटे. भावकीत यांना कोण कुत्रं विचारत नाय — नि तुमी शहरातले लोक खांद्यावर हात टाकता. मंग माणूस नाय कसं म्हणंल? नट पोचत नाय ना, तर नटालाच आत न्यायचं. मागच्या भोकात ड्रिल घातली, खोल केलं. लोखंडाच्या चिमट्याला चालून जातं तसं, लोखंड सोसतं. हा तुमचा कार्बन — नुसती काळी भुकटी गळत होती खाली. चाक मीच धरलं होतं. मी म्हणाले, अवो, पुरे. तर म्हणाले, तुला काय कळतं. नि पाना लावून आवळलं, अजून आवळलं, नि कट्ट झालं नि — म्हणजे बसला. बसला ना नट. घट्ट बसला.

काय बघताय असे? हां, झाला आवाज. मी ऐकला, यांनीपण ऐकला. मी यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं बघंनात. मंग फडकं घेतलं नि पुसत बसले सायकल, पुसतायत आपले, पुसतायत. हळद-बिळद काय नाय धसईला. घरात पडलेत तोंडावर गोधडी घेऊन. भाकरीला हात लावला नाय. मला म्हणाले, तू जा, सायकल दे नि गप बस, काय होत नाय. मी आले ती गप बसायलाच आले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं तुमी बसणार हिच्यावर. तुमी पडला असतात तर — जाऊ दे, तोंडातनं वाईट निघंल. पण आल्या आल्या तुमी म्हणालात, आमच्या समीक्षासाठी हाय, पोरगी आज पयल्यांदा माळशेज चढून उतरणार. हे आधी सांगायला काय झालं होतं तुमाला? यांनापण ठाऊक नव्हतं, देवाशप्पथ.

इकडं या. बाजारात मडकं घेतो आमी तर वाजवून घेतो. हे नाणं बघा. खाली, चिमट्याच्या ह्या पायावर — टिक, टिक. आता वर, नटापाशी. ऐका. बद. बद. ऐकलंत? असं वाजलेलं मडकं आमी पाण्याला पण ठेवत नाय घरात.

काय म्हणालात? आजच्या दिवस चालंल? हळू उतरंल ती? साहेब, बाप ना तुमी? सगळा ग्रुप टपरीवर थांबलाय म्हणून पोरीला फुटक्या चिमट्यावर बसवता? लोक काय म्हणतील, पोरगी आलीच नाय — ह्याची लाज वाटते तुमाला? आमच्या घरातपण तेच चाललंय. लाज वाटते म्हणून गोधडीत पडलाय एक नि दुसरा माझ्यासमोर उभा हाय. सायकल तुमची हाय, मान्य. उद्यापासनं तुमच्यातलं कोण फिरकायचं नाय हिकडं, तेपण मान्य. सोडा ती. ओढू नका, सोडा म्हणते ना. नाय सोडत? बरं. मंग बोटं काढा तिथनं. सरका —

हां. गेला. एका टोल्यात गेला बघा, नटापासनं खालपर्यंत उघडला. बसवा आता कोणाला बसवायचं ते. ओरडा, गाव गोळा करा, मला काय नाय त्याचं. चिमटा आमी भरून देऊ, कसा देऊ ते आमचं आमी बघू. आधी पोरीला फोन करा, हेल्मेट घालून वाट बघत बसली असंल. सांगा तिला, दुकानातल्या बाईचं डोकं फिरलं, हातोडा घातला सायकलीत. येडी हाय म्हणा बाई. ग्रुपमधेपण तेच सांगा. यांचं नाव तेवढं नका घेऊ कुठं. जा आता, मला दुकान बंद करायचंय.