होडीची वाट

किशोरी : इकडे या अंकल, इकडे. ती बघा, पिवळ्या फळीवर. दिसली का?

डॉमिंगो : दिसता. माजीच फ्लाव्हिया ना ती?

किशोरी : तीच. अर्धा तास झाला, किनाऱ्याला यायला बघतेय आणि दर वेळी आणखी आत जातेय. चर्चमध्ये येऊन तुम्हाला उठवणारच होते, पण तिला एकटी टाकून येऊ कशी? आणि तुमचा फोन बंद.

डॉमिंगो : मिसाक बंदच ठेवतंय. भायर येवन बघलंय तर तुजे सात फोन. तसोच धावत इलंय.

किशोरी : सकाळी सगळं ठीक होतं हो. मोबाइलवर बघूनच निघालो आम्ही. लाट चार फूट, वारा जमिनीकडून, दहापर्यंत तसाच राहणार. तीच म्हणाली, असा वारा असला की लाट ताठ उभी राहते, फळीवर पालथं पडून यायला मजा येते. चार-पाच वेळा आली पण. हसत होती.

डॉमिंगो : मतलई वारो तो. लाटेक उभी करता आणि माणसाक दर्यात लोटता. तां मोबाइलात लिवलेला नसतला.

किशोरी : नव्हतं. आणि मला काय कळतंय यातलं. मी साताऱ्याची, तुमची मुलगी शिकवते त्याच शाळेत नोकरीला लागले म्हणून समुद्र बघितला. मी आपली वाळूत बसून तिचे कपडे सांभाळते.

डॉमिंगो : उतरली खंयसून?

किशोरी : ती काय, समोरून. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधे सपाट आहे ना, तिथून. मलाही वाटलं, शांत पाणी आहे, बरंच आहे. अंकल? असे काय बघताय माझ्याकडे?

डॉमिंगो : थंयसून जा म्हणान कोणी सांगल्यान तिका?

किशोरी : तुम्हीच. काल रात्री. मी जेवायला होते की तुमच्याकडे. ती म्हणाली, लाटा तोंडावर बसतात, आत जाताच येत नाही. तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, रापणीचं जाळं टाकायला होडी जिथून काढतो तिथून जा, थेंबभर पाणी उडणार नाही अंगावर.

डॉमिंगो : म्हटलंय. माज्याच तोंडान म्हटलंय.

किशोरी : म्हणजे काय?

डॉमिंगो : थंय वाळयेचो बांध फुटलेलो आसा. लाटेन हाडलेला सगळा पाणी थंयसूनच परत जाता, म्हणान सपाट दिसता. होडी आपसूक आत खेचली जाता. पण होडयेत सा माणसां वल्ह्यार आसतत गो. तिच्याकडे काय? दोन हात.

किशोरी : मला भीती वाटतेय अंकल. खूप भीती वाटतेय. कुणाला तरी बोलवा.

डॉमिंगो : आयतवार आज. सगळ्यो होड्यो वर ओढून ठेवलेल्यो. रॉकीची मशीनची होडी बंदरात आसा. ह्यो माजो फोन, लाव तेका. येवक अर्दो तास तरी जातलो, पण लाव.

किशोरी : वाजतोय. उचलत नाही. मी पुन्हा लावते, तोपर्यंत तिला ओढणी दाखवते, म्हणजे तिला धीर येईल.

डॉमिंगो : ती ओढणी खाली घे.

किशोरी : मघापासून हेच करतेय मी. डोक्यावर फिरवली की ती जोर करते. बघा, वळली इकडे.

डॉमिंगो : खाली घे म्हणतंय ना. अर्दो तास ह्यांच केलंस?

किशोरी : हो. ये, ये म्हणून.

डॉमिंगो : म्हणान ती सरळ येवक बघता. रापणीक कापड डोक्यार फिरवला म्हणजे होडी सरळ किनाऱ्याक घेवची. सात वर्सांची आसल्यापासून माज्या बाजूक उभी रवान ती ह्यां बघता. तिका वाटता, पाणी बघून कोणतरी जाणतो सांगता. तू बोलवतंस आणि ती पाण्याच्या ओढीवांगडा झगडता.

किशोरी : मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

डॉमिंगो : तुका कसां म्हायत आसतला. माका म्हायत होता, मी सांगूक नाय. ही बटना निघणत नाय. काढ गो वायच.

किशोरी : शर्ट कशाला काढताय?

डॉमिंगो : मिसाचो पांढरो शर्ट. लांबसून दिसतलो.

(डॉमिंगो डावा हात बंदराच्या दिशेला ताठ करून शर्ट धरतो आणि तसाच उभा राहतो.)

किशोरी : हलवा ना. नुसता धरून कसा दिसणार तिला?

डॉमिंगो : हलवूचो नसता. ज्या बाजूक कापड, त्या बाजूक होडी. किनाऱ्याकडे बघूचाच नाय, आडवा जावचा. बंदराच्या अंगाक लाट फुटता ती बघ. थंय बांध आसा, पाणी कमरेइतक्या. थंयपर्यंत गेली तर लाटच तिका हाडून टाकतली.

किशोरी : आणि नाही गेली तर?

डॉमिंगो : तसां बोलां नको.

किशोरी : ती थांबलीय. हात मारत नाहीये. दमली का ती?

डॉमिंगो : बघता ती. बघांदे. फ्लाव्हिया, माज्याकडे बघ गो. बघ बाय.

किशोरी : अजून आत चाललीय.

डॉमिंगो : जावंदे. बांधाच्या पलीकडे ओढ मरता. फळी तेवडी सोडूची नाय. किशोरी, हात भरून इलो गो. माका वायच धर.

किशोरी : धरलंय. बसा पाहिजे तर, शर्ट मी धरते.

डॉमिंगो : नको. माजो हात ती वळखता.

किशोरी : अंकल, तोंड वळवलं तिने. बंदराकडे.

डॉमिंगो : माका दिसणा नाय. डोळे भरले. तू सांग. सांगत रव.

किशोरी : आडवी चाललीय. सावकाश. पाय मारतेय. लाट आली एक, तिच्यावरून गेली. आता दिसत नाही.

डॉमिंगो : सांग गो.

किशोरी : थांबा. पिवळं दिसलं. फळी आहे. ती आहे फळीवर, धरून आहे. दुसरी लाट येतेय, मोठी. घेतली तिने. येतेय अंकल, फेसातून येतेय. उभी राहिली. कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे.

डॉमिंगो : सायबा माज्या.

किशोरी : बाहेर आली, वाळूत बसली. पाणी ओकतेय वाटतं. मी जाते पळत. रॉकीचा फोन येतोय, हा घ्या. तिला काय सांगू?

डॉमिंगो : सांग, बापाशीन जावची वाट सांगल्यान, येवची सांगूक इसारलो.

किशोरी : ते तुम्हीच सांगा. उठली बघा, फळी ओढत इकडेच येतेय. आता हात खाली घ्या, अंकल.

डॉमिंगो : हयसर पोचांदे तिका. मगे घेतंय.