वर ‘अर्ज’ लिहून आण

कँटनच्या दक्षिण वेशीपाशी आमची रांग तासभर अडली होती. माझ्या टोपलीतल्या बदकांनी उन्हानं माना टाकल्या होत्या. पुढे इंग्रजांचा दुभाषा आ-क्वाय आणि वेशीवरचा म्हातारा हवालदार यांची जुंपली होती.

"लौकाका, पाया पडतो, एवढं पत्र आत घ्या."

"पत्र आम्ही घेत नाही. परदेशी माणसाचा अर्ज घेतो. वर ‘अर्ज’ लिहून आण."

"साहेब म्हणतो, मी तुमच्या सुभेदाराच्या बरोबरीचा. अर्ज करणार नाही."

"मग तूच गुपचूप लिही की! त्याला कुठं चिनी वाचता येतंय?"

"लिहिलं होतं परवा. त्यांच्यातल्या पाद्र्याला वाचता येतं."

"कर्म माझं! अरे, मग पाद्र्याला समजाव."

"कुणाकुणाला समजावू? तिकडे साहेब शिव्या घालतो, इकडे तुम्ही मानेत खोडा घालायला निघता. व्यापार बंद पडलाय, चहा गोदामात सडतोय, आणि तुम्ही दोघं एका शब्दावर अडलाय!"

"आहे तरी काय त्या पत्रात?"

"ते अफूचं..."

"थांब, नको सांगूस! अर्ज नसेल तर मी ऐकलेलंच नाही."

"अहो, माझी बदकं मरताहेत!" मी ओरडलो.

"मरू देत! इथं बादशहाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"काका, ऐका. हे परत नेलं तर साहेब तोफांची जहाजं आणणार आहे. नदीतून, थेट इथवर."

"येऊ देत की. पण त्यांना आधीच सांगून ठेव. अर्जाशिवाय आत सोडणार नाही."