खांबावरची फळी

(सन १७९९, हिवाळा. मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावचा तुरुंग. गजांच्या आत जोथम पेल, लाकडी पिंपं बनवणारा. बाहेर त्याचे जुने मास्तर, एलिफलेट वेअर.)

जोथम : ...आणि टोपीवरची तुमच्या पक्षाची काळी फीत कुठं गेली, मास्तर? फेडरलिस्टांनी हाकललं की काय?

मास्तर : मीच काढली.

जोथम : आता? सरकारविरुद्ध ब्र काढला की तुरुंग, असा कायदा करून बसलाय तुमचा पक्ष. मिरवायचे दिवस तुमचे.

मास्तर : जेमतेम दहा वर्षांचं सरकार आहे रे. त्याला खंबीर हात नको? जो तो चौकात स्वातंत्र्याचा खांब रोवून, त्यावर फळी ठोकून शिव्या घालायला लागला, तर उद्या इथंही फ्रान्ससारखी मुंडकी उडतील.

जोथम : शिवी कुठं होती? 'इंग्लंडचा राजा घालवला तो घरचा बसवायला नव्हे.' एवढंच लिहिलं फळीवर. आम्हा रिपब्लिकनांचं दुसरं म्हणणं तरी काय आहे? त्याला दीड वर्षाची कैद!

मास्तर : डॉर्कस बरी आहे ना?

जोथम : सातवा महिना लागलाय, तरी लाकडं स्वतः फोडते बायको माझी. त्या ओबेद लोहाराचं वाटोळं होवो! खांबाच्या कड्या त्यानंच घडवल्या, माझ्या ताटात जेवला, आणि अंमलदाराला माझं नाव...

मास्तर : ओबेदनं नाही सांगितलं.

जोथम : मग कुणी?

मास्तर : अंमलदार फळी घेऊन शाळेत आला. म्हणाला, मास्तर, अक्षर कुणाचं ओळखता येतं का?

जोथम : आणि?

मास्तर : काय अक्षर होतं, जोथम! तीस वर्षांत ते वळण एकाच पोराला साधलं. तोंडातून निघून गेलं, 'हा तर माझा जोथम!'

जोथम : कायद्याला मान म्हणून सांगितलंत?

मास्तर : तसं असतं तर मनाची समजूत घातली असती. मिरवलो रे मी. त्यानं नाव लिहून घेतलं, तेव्हा कुठं कळलं काय करून बसलो ते.

जोथम : खटल्याच्या दिवशी पहिल्या बाकावर होतात तुम्ही.

मास्तर : होतो. गप्प.

जोथम : चार महिने! चार महिने गावानं ओबेदला वाळीत टाकलंय. नाल ठोकायला एक घोडा जात नाही त्याच्याकडे. त्याच्या दारात पाय ठेवू नकोस, असं मीच डॉर्कसला बजावलं.

मास्तर : रोज त्याच्या विझलेल्या भट्टीवरून शाळेत जातो. मान वर करवत नाही. मला शिव्या दे, जोथम. थुंक माझ्यावर.

जोथम : तुमच्यापुढं जीभ उचलत नाही, हेच तर वाईट. आणि मी थुंकून ओबेदची भट्टी पेटणार आहे का? रविवारी प्रार्थनाघरात लोक उभे राहून आपलं पाप कबूल करतात. तुम्ही उभे राहा.

मास्तर : अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. दोन्ही पक्षांचं. शाळा जाईल माझी.

जोथम : जाईल कदाचित.

मास्तर : लिहून देतो. पाद्रीबाबा वाचून दाखवतील. तशीच रीत आहे.

जोथम : नाही. तुमच्या तोंडून. आणि आम्हाला बजावायचात तसं, मास्तर, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोला. ओबेद हल्ली तिथंच बसतो.